खाली, तिरकं, पुढे

डाव्या अंगठ्याच्या बुडाशी एक निखारा आहे.
दुधाची पिशवी उचलताना तो फुलतो,
लॅचमध्ये किल्ली फिरवताना,
केसांना रबर लावताना.
उजव्याचं वेगळं :
कोपरापासून करंगळीपर्यंत मुंग्यांची रांग,
साखर कुठे सांडलीय ते मुंग्यांनाच माहीत.

घरी मी सांगितलंय, ऑफिसचा कीबोर्ड.
सासूबाईंनी तिळाचं तेल कोमट करून चोळलं,
"किती राबवून घेतात गं मेले!"
मी मान खाली घालून
ते तेल आणि तो कळवळा
दोन्ही मुरू दिले.

खरं असं की रात्री साडेअकराला,
कन्नमवार नगरातल्या आमच्या दीड खोलीत
सगळे झोपले की
मी आवाज बंद करून टीव्हीपुढे पाट मांडते.
मांडीवर आठ बटणांचा, एका दांडीचा लाकडी खोका,
कुर्ल्याच्या नौशादने बनवून दिलेला.
(भिशीचे पैसे. तेही कुणाला माहीत नाही.)
आणि पडद्यावर मी असते
दोन वेण्यांची, रेड्याएवढ्या खांद्यांची पैलवानीण.
तिला कुणी चहा मागत नाही.

खाली, तिरकं, पुढे. ठोसा.
खाली, तिरकं, पुढे. ठोसा.
मनगटातला पाव चंद्र
एका रात्रीत आठशे वेळा उगवतो.

नऊ वर्षांची होते तेव्हा
रेशनच्या दुकानामागे मोझेस अंकलचं पार्लर होतं.
रुपयाला एक डाव.
भावाची टोपी घालून जायचे,
कोपऱ्यातल्या मशीनवर मोठ्या पोरांना झोपवायचे,
आणि टोपी न काढता घरी यायचे.
तेव्हा हात दुखायचे नाहीत.
किंवा दुखत असतील;
मार खाल्लेली पोरं दाराशी उभी असताना
लक्ष कुणाचं होतं?

तळपदेबाईंच्या क्लिनिकात, बाकावर आम्ही चौघं.
एक गवंडी, खांदा बांधलेला.
एक शिक्के मारून मारून वाकडे झालेले सरकारी गृहस्थ.
आणि कुंदाताई, पोळीभाजी केंद्र, रोज तीनशे पोळ्या.
सगळ्यांची दुखणी घामाची, सांगता येण्याजोगी.
"तुझं गं कशानं?"
कीबोर्ड ओठांवर तयार होता,
पण हात आधी बोलला.
कुठे दुखतं ते दाखवताना हवेत वळला :
खाली, तिरकं, पुढे.
"हे टायपिंग नव्हे," कुंदाताई म्हणाल्या,
"पोळी उलटताना माझं असं वळतं."

मग सांगून टाकलं. पाट, खोका, पैलवानीण, सगळं.
गवंडी हसला नाही.
सरकारी गृहस्थांनी चष्मा पुसला.
कुंदाताईंनी बराच विचार करून विचारलं,
"मग, जिंकतेस का?"
"कधीकधी."
"कधीकधी," त्या म्हणाल्या,
चिमटीत पीठ धरून
जाडसर आहे का बघावं तसं.

तळपदेबाईंनी मनगटाला पट्टा दिला,
सहा आठवडे. आणि कागदावर लिहिलं :
पिळणे, लाटणे, घासणे वर्ज्य.
नवऱ्याने तो कागद दोनदा वाचला
आणि न बोलता धुण्याची बादली उचलली.
खेळाचं कागदावर काही नव्हतं.
मीही काही बोलले नाही.

आता साडेअकराला पाटावर नुसती बसते.
टीव्ही बंद. पट्ट्याच्या आत अंगठा
चोरून वळून बघतो, निखारा फुलतो, थांबतो.
ती तिथे आत उभी असेल,
गुडघ्यांत वाकलेली, मुठी वर,
खांदे श्वासासरशी वरखाली,
कुणी बटण दाबेपर्यंत तशीच.

मंगळवारी परत क्लिनिक.
कुंदाताईंना मोबाइलवर दाखवायचं कबूल केलंय,
तो तिसरा राऊंड,
माझी फक्त नखाएवढी लाल रेघ उरली होती तो.
शेवट सांगितलेला नाही.
"सांगू नकोस," म्हणाल्यात.